सहा फेऱ्या, ४७ दिवस आणि एक चुकलेला अंदाज

नोकरीला नकार रोज कित्येकांना येतो, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नसतं. हे प्रकरण मी लिहून काढतोय ते एवढ्यासाठी की, आपण कुठे पडलो याची उमेदवाराला पक्की खात्री होती आणि ती साफ चुकीची निघाली.

उमेदवार म्हणजे माझी जुनी सहकारी. सॉफ्टवेअरच्या बॅकएंडचा, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या कामाचा, नऊ वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची पाच वर्षं एकाच टीममध्ये. प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमला, काही फुटलं की पहिला फोन जिला जातो, त्यातली ती. या पाच वर्षांत तिने एकही मुलाखत दिली नव्हती. म्हणून असेल, पण या वेळी तिने पहिल्या दिवसापासून एक शीट ठेवली: तारीख, फेरी, काय विचारलं, मी काय सांगितलं, कसं वाटलं, निकाल. पुढचं सगळं त्या शीटवरून आणि तिच्याशी झालेल्या दोन लांबलचक बोलण्यांवरून लिहिलंय. कंपनीचं नाव आम्ही दोघांनीही बाजूला ठेवलंय. मी स्वतः दुसऱ्या ठिकाणी बरीच वर्षं मुलाखती घेतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते थोडंफार माहीत आहे, आणि मी अगदी तटस्थही नाही.

घटनाक्रम असा. पहिल्या दिवशी रिक्रूटरचा २५ मिनिटांचा फोन. पाचव्या दिवशी ९० मिनिटांची ऑनलाइन परीक्षा, जिला सगळे ओए म्हणतात. एकोणिसाव्या दिवशी ओळीने तीन फेऱ्या: कोडिंग ६० मिनिटं, सिस्टिम डिझाइन ६० मिनिटं, बिहेवियरल ४५ मिनिटं, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची सुट्टी. सत्ताविसाव्या दिवशी हायरिंग मॅनेजरसोबत अर्धा तास. सत्तेचाळिसाव्या दिवशी चार ओळींचा मेल. बेरीज केली तर प्रत्यक्ष मुलाखत पाच तास दहा मिनिटं भरते. बाकीचे दिवस नुसती वाट बघण्याचे. त्याआधीची अकरा आठवडे तयारी वेगळीच: रोज काम संपल्यावर दोन तास, सुमारे १४० कोडी. ती त्यांना कोडीच म्हणायची. “गेल्या नऊ वर्षांत मी एकदाही हाताने हीप लिहिलेला नाही, आणि आता तो झोपेतही लिहिते,” हे तिचं वाक्य. (हीप म्हणजे सगळ्यात लहान किंमत चटकन हाती देणारी डेटाची रचना.)

छताकडे बघायची सोय नाही

ओएमध्ये दोन प्रश्न होते. पहिला स्ट्रिंगचा, सोपा. दुसरा बैठकांच्या वेळा देऊन कमीत कमी किती खोल्या लागतील ते काढायचा. वेळा सुरुवातीप्रमाणे लावायच्या, चालू बैठका कधी संपतात ते हीपमध्ये ठेवायचं आणि हीपची जास्तीत जास्त लांबी हेच उत्तर. तिने ते केलं. दिसणाऱ्या चाचण्या सगळ्या पास झाल्या. लपवलेल्या पंधरांपैकी चौदा पास, एक वेळेच्या मर्यादेत बसली नाही. कोणती, ते दिसत नाही. चौदा म्हणजे पुढे गेलो की बाहेर, तेही कळत नाही. पाच दिवसांनी पुढच्या फेरीचा मेल आला तेव्हाच तिला कळलं की चौदा चालतात.

पण शीटमध्ये या फेरीच्या ‘कसं वाटलं’ या रकान्यात प्रश्नांबद्दल अवाक्षर नाही. तिथे फक्त एवढंच: “वर बघता येत नाही.” कॅमेरा सुरू होता. स्क्रीनवरून नजर वारंवार हटली तर नोंद होईल, अशी सूचना आधीच वाचायला दिली होती. आता ही बाई विचार करते ती छताकडे बघत. आम्ही शेजारी बसायचो तेव्हापासून मी हे बघत आलोय; तिची मान वर गेली की समजायचं, आता काहीतरी निघणार. नव्वद मिनिटं तिने मान खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या स्वतःच्याच छोट्या चौकटीकडे बघत विचार करायचा प्रयत्न केला. एआयकडून उत्तरं घेणारे वाढलेत म्हणून ही पहारेदारी वाढली, हे मला माहीत आहे. मीही अशा उमेदवारांना पकडलंय. कंपनीला तिच्या विचार करण्याच्या सवयीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना नक्कल थांबवायची होती. सवय मधल्यामध्ये भरडली गेली.

दोनच घटक असतील तर?

एकोणिसाव्या दिवसाच्या कोडिंग फेरीवर जरा थांबतो, कारण पुढचे अठ्ठावीस दिवस ती मनाने याच फेरीत अडकून होती.

प्रश्न मुलाखतींमध्ये घासून गुळगुळीत झालेला. चढत्या क्रमाने लावलेला अ‍ॅरे (म्हणजे संख्यांची यादी) कुठेतरी तोडून फिरवलाय, उदाहरणार्थ ४०, ५०, ६०, १०, २०, ३०. यात दिलेली संख्या शोधा, पण एकेक घटक न तपासता. म्हणजे बायनरी सर्च हवा, दर वेळी यादी निम्मी करत शोधणारा. युक्ती अशी की मध्यावर तोडलं की दोनपैकी एक अर्धा नक्की क्रमाने असतो. तो कोणता ते ओळखायचं, शोधायची संख्या त्या अर्ध्याच्या टोकांमध्ये बसते का बघायचं, बसत असेल तर तिकडे जायचं, नाहीतर दुसरीकडे. हा प्रश्न तिने तयारीत तीनदा सोडवला होता.

अठरा मिनिटांत कोड लिहून झाला. मध्य काढताना तिने दोन टोकांची सरळ बेरीज करून निम्मे केले नाहीत. डाव्या टोकात अंतराचा निम्मा भाग मिळवला. मुलाखतकाराने कारण विचारलं. तिने सांगितलं: अ‍ॅरे खूप मोठा असेल तर बेरीज ३२ बिटांच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होते. हे उत्तर पाठ केलेलं नव्हतं, तिला त्यामागची गोष्ट माहीत होती. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये नेमकी हीच चूक सुमारे नऊ वर्षं सुखाने नांदत होती. तो कोड ज्यांनी लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. अ‍ॅरेत १०७ कोटींच्या आसपास घटक असल्याशिवाय ती उघडी पडत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मुलाखतकार म्हणाला, “दोनच घटक असतील तर?”

तिने ३० आणि १० घेतले आणि १० शोधायला सांगितलं. कोड म्हणाला, सापडला नाही.

घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. दोन घटकांत डावं टोक आणि मध्य एकाच जागी येतात. डावा अर्धा क्रमाने आहे का हे तपासताना तिने ‘डावं टोक मध्यापेक्षा लहान’ असं लिहिलं होतं. हवं होतं ‘लहान किंवा समान’. ३० हा ३०पेक्षा लहान नाही, म्हणून कोडने ठरवलं की उजवा अर्धाच क्रमाने आहे. मग १० ही संख्या ३० आणि १० यांच्यामध्ये बसते का ते बघितलं. बसत नाही म्हणून तो डावीकडे गेला, आणि डावीकडे काहीच नव्हतं. एका चिन्हाचा फरक. जागेवर बसून काम करताना असली चूक तिला अर्ध्या मिनिटात दिसते, हे मी पैजेवर सांगतो.

तिला अकरा मिनिटं लागली. त्यातली पहिली चार ती काहीच बोलली नाही. “त्याच्या कीबोर्डचा आवाज येत होता,” ती सांगते. “मी गप्प झाले की तो टाइप करायला लागायचा. मला वाटलं, लिहितोय हिला जमत नाही म्हणून. मग मी कोडकडे बघायचं सोडून त्या आवाजाकडेच लक्ष देत बसले.” पाचव्या मिनिटाला तिने स्वतःला बजावलं, कागदावर घे. लो शून्य, हाय एक, मिड शून्य असं एकेक पाऊल मोठ्याने बोलत चालवलं, तिसऱ्या ओळीवर चूक दिसली आणि दुरुस्त केली. मुलाखतकार “ओके” म्हणाला आणि वेळ संपली. शीटमध्ये त्या दिवशी रात्री तिने लाल अक्षरांत लिहिलं: नापास.

बायनरी सर्च दिसतो सोपा, पण त्याची ख्याती अशीच आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी नोंदवलंय की तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाला १९४६ मध्ये, आणि कोणत्याही लांबीच्या यादीवर चालणारं रूप प्रसिद्ध व्हायला १९६० उजाडलं. टोकांच्या अटी जमवायला चौदा वर्षं. तेही कुणी समोर बसून टाइप करत नसताना.

हा शेवटचा शेरा मी चेष्टेने मारलेला नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी कोडिंगचा प्रश्न फळ्यावर सोडवला तो मुलाखतकारासमोर, मोठ्याने विचार बोलत. काहींनी तोच खोलीत एकट्याने. नुसतं कुणी बघत असल्याने कामगिरी निम्म्याहून खाली आली. मुलाखतकारासमोर बसलेल्यांपैकी एकाही स्त्रीला उत्तर जमलं नाही, एकट्याने बसलेल्या सगळ्या स्त्रियांना जमलं. ४८ ही काही मोठी संख्या नव्हे, त्यातल्या स्त्रिया तर आणखी कमी, तेव्हा यावरून डंका पिटू नये. पण मी हे तिला दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, आणि मग म्हणाली, “म्हणजे ते अकरा मिनिटांचं माझं एकटीचं खूळ नव्हतं तर.”

जी फेरी ‘मस्त’ गेली

पंधरा मिनिटांच्या सुट्टीत तिने तोंड धुतलं आणि डिझाइनला बसली. इथे मात्र तिचा सूर लागला. प्रश्न: लांब पत्त्याचा छोटा दुवा करून देणारी सेवा बनवा. दुवा कुणी, कितीदा उघडला याचे आकडे ग्राहकाला दिसले पाहिजेत. ही शेवटची अट मुलाखतकाराने सुरुवातीलाच सांगितली होती आणि तिने ती लिहूनही घेतली होती.

तयारी जबरदस्त होती. मोठी-छोटी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं, सात चिन्हांचा दुवा केला तर सुमारे ३.५ लाख कोटी वेगवेगळे दुवे होतात, म्हणजे सात पुरेत. वाचन लिखाणापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून पुढे कॅशे, म्हणजे वारंवार लागणारं हाताशी ठेवणारा साठा. डेटाबेसचं शार्डिंग, म्हणजे डेटा तुकड्यांत वाटणं. क्लिकची नोंद रांगेत टाकून मागच्या मागे मोजायची. पन्नास मिनिटांत सगळा फळा भरला. मुलाखतकार मान डोलवत होता, दोनदा हसलाही. ‘कसं वाटलं’: “मस्त. हीच फेरी वाचवेल.”

मधला एक संवाद तिने शीटमध्ये जसाच्या तसा उतरवला होता, कारण तिच्या मते तिथे तिने झटपट उत्तर दिलं होतं.

“रीडायरेक्ट ३०१ देणार की ३०२?”

“३०१. पत्ता कायमचाच असतो ना.”

“बरं. मग क्लिक मोजायचे कसे?”

“रांगेतून. हे बघा, इथे दाखवलंय.”

“ओके.”

वेब ज्यांच्या हातून जातं त्यांच्या लक्षात आलं असेल. छोट्या दुव्यावरून मूळ पत्त्याकडे पाठवणं म्हणजे रीडायरेक्ट, आणि तो करताना सर्व्हर एक क्रमांक देतो. ३०१ म्हणजे ‘कायमचं हललं’. ब्राउझर हे उत्तर स्वतःजवळ जपून ठेवू शकतो. तोच माणूस दुसऱ्यांदा त्या दुव्यावर गेला की विनंती सर्व्हरपर्यंत येतच नाही, ब्राउझर परस्पर पुढे पाठवतो. सर्व्हरवर काही आलंच नाही तर रांगेत टाकणार काय? आकडे हवे असतील तर ३०२, म्हणजे ‘तात्पुरतं हललं’, द्यायचा आणि जास्तीचा भार सोसायचा, किंवा ३०१ला जपून ठेवू नकोस अशी ताकीद जोडायची. मुलाखतकाराने दुसरा प्रश्न विचारून दार अक्षरशः उघडून धरलं होतं. ती शेजारच्या चित्राकडे बोट दाखवून पुढे गेली.

यातली खरी बोच पुढे आहे. हे तिला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, दोन वर्षांपूर्वी तिने यावर दोन दिवस घालवले होते. कुणीतरी चुकीच्या पत्त्यावर ३०१ लावून सोडला होता. सर्व्हरवर तो दुरुस्त केला तरी वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमधून तो जाता जाईना, आणि ते निस्तरण्याचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. मी तिला हे आठवून दिलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

मग मुलाखतीत का सुचलं नाही? माझं मत सांगतो. कोडिंगच्या फेरीत ती घाबरलेली होती, म्हणून विचार करत होती. डिझाइनच्या फेरीत ती निर्धास्त होती, म्हणून पाठ केलेलं चित्र काढत होती. अकरा आठवड्यांत तिने पाहिलेल्या प्रत्येक नमुना उत्तरात खोकी हीच होती, याच क्रमाने. त्यात तिचा नऊ वर्षांचा अनुभव कुठे बसवायचा याची जागाच नव्हती. तिने अनुभव दाराबाहेर ठेवला आणि तयारी आत नेली. दोष तिचा आहेच. पण आम्ही मुलाखत घेणारे वर्षानुवर्षं तेच चार प्रश्न विचारतो, त्यांच्या उत्तरांचे साचे बाजारात तयार होतात, आणि मग साचा घेऊन आलेल्या माणसाला आम्ही म्हणतो की यात खोली नाही.

‘आम्ही’ नको, ‘मी’ सांगा

बिहेवियरल फेरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मतभेद झाला तेव्हाचा प्रसंग सांगा, चुकलात तो प्रसंग सांगा. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम या चार पायऱ्यांत सांगायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. तिची अडचण वेगळी होती: ती प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू करायची. आम्ही मायग्रेशन केलं, आम्ही रात्री परत फिरवलं. मुलाखतकार बाई तीनदा म्हणाल्या, “तुम्ही स्वतः काय केलं?” तिसऱ्यांदा ती म्हणाली, “परत फिरवायचा निर्णय मी घेतला आणि बटणही मीच दाबलं.” हे म्हणताना आपण बढाई मारतोय असं वाटलं, असं शीटमध्ये आहे. टीममध्ये नीट वागणाऱ्या माणसाला इथे हमखास अडखळायला होतं. मी स्वतः गुणपत्रक भरतो तेव्हा ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला निदान दोनदा तरी विचारतो. सगळे विचारतात असं नाही.

हायरिंग मॅनेजर नऊ मिनिटं उशिरा आला आणि उरलेल्या वेळेतला बराचसा स्वतःच्या टीमबद्दल बोलला. काय विचारलं या रकान्यात एकच ओळ: “काही प्रश्न आहेत का?”

वीस दिवस

सत्ताविसाव्या दिवसापासून सत्तेचाळिसाव्यापर्यंत शीटमध्ये चार नोंदी आहेत. एकतिसाव्या दिवशी विचारणेचा मेल पाठवला, उत्तर नाही. छत्तिसाव्या दिवशी पुन्हा पाठवला. आपोआप उत्तर आलं की त्या रिक्रूटर आता ही जागा बघत नाहीत. एकोणचाळिसाव्या दिवशी नव्या रिक्रूटरचा मेल: निर्णय लवकरच कळवू. सत्तेचाळिसाव्या दिवशी नकार. तुमच्या वेळेबद्दल आभार, इतर उमेदवारांसोबत पुढे जात आहोत, शुभेच्छा. कारण दिलेलं नाही.

या वीस दिवसांत तिने रोटेटेड अ‍ॅरेचा तो कोड किती वेळा परत लिहिला याची मोजदाद तिच्याकडेही नाही. रात्री दोनला उठून ‘लहान किंवा समान’ असं एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेलं मी पाहिलंय. आपण नऊ वर्षं खोट्या पगारावर काम केलं असं तिला वाटायला लागलं होतं, आणि ती हे अगदी शांतपणे बोलायची, त्यामुळे जास्त काळजी वाटायची.

पलीकडे काय चालू असावं याचा अंदाज मी माझ्या अनुभवावरून करू शकतो. मुलाखतकार दुसऱ्यांचे शेरे बघायच्या आधी आपला शेरा भरतात: ठाम होय, होय, नाही, ठाम नाही. मग सगळे एकत्र बसतात, त्याला डीब्रीफ म्हणतात. कीबोर्डचा तो आवाज बहुतेक याच शेऱ्यासाठीच्या टिपणांचा असतो. मी स्वतः उमेदवार गप्प झाला की टाइप करतो, कारण तो बोलत असताना टाइप केलं तर ऐकायचं राहतं! हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग आधीच सांगत जा ना.” तेव्हापासून सांगतो. एक वाक्य पुरतं.

शेरे आठवड्यात भरले जातात. पुढचे दिवस बहुधा त्याच जागेच्या दुसऱ्या उमेदवारांत, सुट्टीवर गेलेल्या कुणाच्या सहीत, रिक्रूटर बदलण्यात जातात. उमेदवाराला मात्र प्रत्येक दिवस आपल्याबद्दलचा निकाल वाटतो. कारण न देण्यामागे कंपन्यांची भीती असते: सांगितलं की वाद होतो, वाद कायद्यापर्यंत जाऊ शकतो. ही भीती अगदीच निराधार नाही. तिची किंमत मात्र कंपनीला मोजावी लागत नाही.

फेऱ्या फार झाल्या अशी तक्रार मी करणार नाही. गूगलने स्वतःच्या आकडेवारीवरून २०१७ मध्ये सांगितलं होतं की चार मुलाखतींत निर्णयाबद्दल ८६ टक्के खात्री मिळते, पुढच्या प्रत्येक मुलाखतीने फारशी भर पडत नाही. हिच्या माणसांसमोरच्या फेऱ्या बरोबर चारच होत्या. मुलाखतीने माणूस कितपत कळतो हा प्रश्न वेगळा. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून म्हटलं होतं की ठरावीक प्रश्न आणि ठरावीक मोजपट्टीच्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.५१ असतो, मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हिशेब पुन्हा मांडला तेव्हा पहिला आकडा ०.४२वर आला आणि दुसरा ०.१९वर. एक म्हणजे हुबेहूब, शून्य म्हणजे काहीच संबंध नाही. त्या मोजपट्टीवर सगळ्यात चांगली मुलाखतही निम्म्याच्या अलीकडे थांबते. आणि मॅनेजरची ती अर्ध्या तासाची गप्पा-फेरी कुठे बसते ते वेगळं सांगायला नको.

एक फोन

नकारानंतर महिन्याभराने त्या नव्या रिक्रूटरचा फोन आला. दुसऱ्या टीममध्ये एक पायरी खालची जागा होती, रस आहे का? तिने नको म्हटलं आणि सहज विचारलं, कोडिंगमध्ये पडले ना मी? पलीकडून थोडं थांबून उत्तर आलं, “नाही नाही, कोडिंगचा शेरा चांगला होता. चूक स्वतः पद्धतशीर शोधली असं लिहिलंय. डिझाइनमध्ये खोली कमी वाटली, त्या पातळीसाठी.” हे सांगायची रिक्रूटरला बहुधा परवानगी नसणार. माणुसकी म्हणून सांगितलं असावं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं शीट घेऊन बसलो आणि ३०१च्या ओळीवर आलो. पातळीचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. कोड येतो का हे खालच्या-वरच्या सगळ्याच जागांना विचारतात. वरच्या पातळीला न्यायचं का हे बहुतेक ठिकाणी डिझाइनच्या फेरीवर ठरतं. तिथे खोकी सगळ्यांची सारखीच असतात. दोन खोक्यांना जोडणाऱ्या रेषेवर बोट ठेवून ‘इथे काय होईल’ असं विचारल्यावर माणूस थांबतो की नाही, ते बघतात. ती थांबली नाही. अकरा मिनिटं अडखळली ती फेरी तारून नेणारी ठरली, आणि पन्नास मिनिटं अस्खलित बोलली ती बुडवणारी.

आता ती दुसरीकडे रुजू झाली आहे. तिथे दोन फेऱ्या होत्या आणि अकरा दिवसांत उत्तर आलं. एक छोटा चालता प्रकल्प दिला, त्यात एक चाचणी पडत होती. तिचा स्वतःचा एडिटर, हवं ते शोधायची मुभा, नव्वद मिनिटं, कुणी बघत नव्हतं. नंतर तासभर त्यावर चर्चा. ती सतराव्या मिनिटाला चुकीपर्यंत पोहोचली. मी म्हटलं, बघ, नीट मोजलं की कसं होतं. तिला हे पटलं नाही. पडणारी चाचणी टाइमझोनची होती, आणि आदल्याच आठवड्यात तिने कामावर तसाच बग सोडवला होता. “दुसरा कुठला बग असता तर?” ती म्हणाली. “मला यांनी घेतलं म्हणून हे शहाणे, असं थोडंच आहे?”

शीट तिने अजून ठेवली आहे. एकोणिसाव्या दिवसाच्या ओळीत लाल अक्षरांतलं ‘नापास’ खोडून तिथे आता ‘पास’ लिहिलंय. त्याच्या खालच्या ओळीतलं ‘मस्त’ मात्र तिने तसंच राहू दिलंय. फक्त पुढे एक प्रश्नचिन्ह काढलंय.